दाखल न केलेला नियम

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागितल्याशिवाय हात चालत नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. अमेरिकेत ईडन प्रेरी गावी मी लांबच्या चुलतभावाकडे स्वयंपाकाला आले होते. दादा डॉक्टर. विमानाचं तिकीट त्यांनी काढलं होतं. ते पैसे पगारातून कापायचे आणि फिटले की मी परत जायचं, असं ठरलं होतं. पण कधी माझा कोट, कधी दाढेचा खर्च त्यातच मिसळायचा. किती राहिले विचारलं की वहिनी म्हणायच्या, "तुला काय घाई? बर्फात कुठे जाणारेस?" पासपोर्ट दादांच्या कपाटात. फोन विचारून करायचा, एकटीने बाहेर पडायचं नाही. खिडकीतून रस्ता दिसे. त्यावर गाड्याच जायच्या, चालणारं माणूस क्वचित.

वहिनी एका पक्षाच्या राज्य समितीचं टायपिंग करायच्या. पक्षाने आपले आतले नियम बदलले की त्यांची प्रत सरकारी कचेरीत दाखल करावी लागे. मी जेवणाच्या टेबलावर पानं लावून पिना मारायची. एकदा तो गठ्ठा परत आला. शेवटच्या पानावर अध्यक्षांची सही राहिली होती.

वहिनी तणतणल्या. "सभेत सगळ्यांनी हात वर करून पास केलाय! तरी म्हणे, दाखल होईपर्यंत नियम लागू नाही."

दादा हसले. "म्हणजे तुमचा पक्ष महिनाभर बेकायदा चाललाय?"

"चेष्टा पुरे. कागद नाही तर नियम नाही, असं सुनावलं मला. शाळेतल्या पोरीला सांगावं तसं!"

पोळ्या लाटताना चार दिवस तेच माझ्या डोक्यात फिरत होतं. पाचव्या दिवशी, सही झालेली पानं पुन्हा लावताना, मान खाली घालूनच विचारलं, "वहिनी, माझ्या तिकिटाचं कागदावर आहे का काही?"

"अगं, घरच्या माणसांत कसला कागद?"

"पक्षातलीही एकमेकांची घरचीच असतील ना," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

दादांनी पेपर खाली केला. "घ्या! आता हिची सही नसेल तर गठ्ठा परत."

वहिनी हसल्या नाहीत. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग उरलेला आकडा टाइप करून दिला. खाली एक ओळ होती: दोघींच्या सहीशिवाय यात वाढ होणार नाही. मी मराठीत सही केली. नाव ओळीच्या खाली घसरलं. एक प्रत माझ्या बॅगेत ठेवली.

त्यानंतरही दीड वर्ष तीच खिडकी. फोनचा नियम तसाच राहिला, तो लिहून मागायचं धाडस झालं नाही. बर्फातल्या बुटांचे पैसे धरायचं वहिनींनी एकदा काढलं. मी तो कागद आणून टेबलावर ठेवला आणि भांडी घासायला गेले. पुन्हा विषय निघाला नाही.

शेवटचा हप्ता कापला त्या दिवशी वहिनींनी दोन्ही प्रतींवर लिहिलं, "पूर्ण फिटले," आणि पेन माझ्याकडे सरकवलं. या वेळी सही ओळीवर आली. दादा कपाटाची किल्ली आणायला उठले.