बोरसे सरांचं ‘माहीत नाही’

बोरसे सर गेले त्या दिवशी मी जळगावला कॉलेजच्या ग्रंथालयात होते. दुपारी सरांच्या पत्नीचा, अक्कांचा फोन आला. त्या म्हणाल्या, “तुना सर गयात व माय.” मी टेबलावरची पुस्तकं कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि धुळ्याची एसटी धरली.

पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. सरांचा मुलगा विजय फाटकाशी एका तरुणाशी बोलत उभा होता. हा तरुण मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. सरांच्याच हाताखाली शिकलेला. मी चपला काढत असताना त्याचं बोलणं कानावर पडलं. “दादा, सरांनी शेवटी मान्य केलं होतं ना, ती उडती तबकडीच होती म्हणून? तुम्ही कॅमेऱ्यासमोर एवढंच सांगा. सरांचं नाव कुठच्या कुठे जाईल.” रडून विजयचे डोळे सुजले होते. आत सर जमिनीवर चादरीखाली होते आणि बाहेर, त्यांनी कधीच न म्हटलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडी घातलं जात होतं. त्या क्षणी मला रडू आलं नाही, भीती वाटली. गेलेल्या माणसाला उठून ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे सांगता येत नाही... आज काही आठवडे उलटल्यावर मी लिहायला बसले आहे, ते त्या भीतीपोटीच.

माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. शाळेसाठी मी धुळ्याला मावशीकडे राहायचे. सर आम्हाला विज्ञान शिकवत. उंच, वाकलेले, खडूनं कायम पांढरा झालेला उजवा खिसा. तास संपत आला की कुणीतरी हमखास विचारायचं, “सर, दुसऱ्या ग्रहावर आपल्यासारखी माणसं असतील का?” सर फळ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत राहायचे. “असतील. नसतीलही. आभाळ एवढं मोठं आहे, की तिथं कुणीच नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.” मग मुलांना चेव यायचा. कुणाच्या काकांनी तबकडी पाहिलेली असायची, कुणाच्या मामांनी हिरवा माणूस. सर सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “हे बघा, असणं वेगळं आणि येणं वेगळं. मुंबईत तुझा मामा आहे, म्हणून तो आत्ता तुझ्या ओट्यावर बसलाय असं होतं का? सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा उजेड इथं पोचायला चार वर्षांहून जास्त लागतात. इतक्या लांबून पाहुणा आला, तर काही खूण ठेवून जाईल की नाही? खूण दाखवा. मी स्वतः हार घेऊन येतो.”

हा संशयी स्वभाव त्यांनी पुस्तकातून घेतलेला नव्हता. त्यांचं मूळ गाव नरडाण्याजवळ. लहानपणी संध्याकाळी शेतापलीकडे, जमिनीपासून वर, एक उजेड लटकलेला दिसायचा. मोठा होत जायचा आणि एकदम विझायचा. गावात त्याला चकवा म्हणत. त्या वेळी पोरांना कुणी घराबाहेर सोडत नसे. एके दिवशी वडिलांनी त्यांचा हात धरला आणि सरळ त्या उजेडाच्या दिशेनं चालायला सुरुवात केली. सर रडत होते, हात सोडवून घ्यायला बघत होते. वडील थांबले नाहीत. टेकाडावर चढल्यावर खाली रूळ दिसले. लांबच्या वळणावरून आगगाडी येत होती, तिचा पुढचा दिवा होता तो. गाडी वळली की दिवा दिसेनासा व्हायचा. ही गोष्ट सांगून झाली की आम्ही विचारायचो, “मग भीती गेली ना सर?” “छे. भीती कुठली जाते? पण पाय शिकले,” ते म्हणायचे.

त्या शिकलेल्या पायांचं काम पडलं ते पुढे बऱ्याच वर्षांनी, माझ्याच माहेरी. वैशाख होता. सर तेव्हा निवृत्त झाले होते. माझ्या मोठ्या भावाचा, सुधाकरभाऊचा फोन आला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. सूर्य बुडायच्या सुमाराला आमच्या बागेवर आभाळात उजेड दिसत होते. निळे, मधूनच सोन्यासारखे चमकणारे, डुलत डुलत वर जाणारे. आणि दुसऱ्या दिवशी केळीच्या घडांवरच्या पिशव्या नाहीशा झालेल्या असत. घडाला डाग पडू नयेत म्हणून आमच्याकडे त्याच्यावर पातळ निळी प्लास्टिकची पिशवी चढवतात. पिशव्या कोण नेतं, याचं उत्तर गावानं आभाळात शोधलं होतं. मजूर बाया बागेत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. आणि आभाळातल्यांना बोलावणारा माणूसही गावानं जमिनीवर शोधून ठेवला होता. जामसिंग, आमचा रखवालदार. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला पावरा आदिवासी माणूस, बागेतल्या झोपडीत एकटा राहायचा. रानडुकरं हाकलायला त्याच्याकडे मोठी बॅटरी होती.

“हाच बॅटरी दाखवून बोलावू राहिला त्यायले,” भाऊ म्हणाला. “लोक म्हणतात, उद्या पुन्हा दिसलं तर याले सोडत नाही.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी एकटा काय म्हणू?”

मी सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीनं जळगावला आले, तिथून आम्ही दोघं गावी गेलो. जामसिंगला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसवलं होतं. बांधलं नव्हतं, पण चारी बाजूंनी माणसं अशी उभी होती की बांधायची गरज नव्हती. सर ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन टेकले. पाणी मागितलं, तांब्या आधी त्याच्या हातात दिला. मग विचारलं, “बॅटरी कुणाला दाखवतोस रे?”

“डुकरांना,” जामसिंग म्हणाला. “आभाळाला काहून दाखवू? आभाळ केळी खात नाही.”

मागं कुणीतरी खुदकन हसलं, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

सर बागेत फिरले. जिथून पिशव्या गेल्या होत्या ते घड त्यांनी हात लावून पाहिले. पिशव्या बांधायच्या सुतळ्या सैल होत्या, काही गाठी नुसत्या अडकवलेल्या. बागेला लागून नांगरून ठेवलेलं काळं रान होतं, उन्हानं तापून त्याच्यावरची हवा थरथरत होती. सर बांधावर बसून राहिले. एकानं जामसिंगला दंडाला धरून तिथं आणलं होतं; गाव सरांकडे बघत राहिलं. उन्हं कलली तेव्हा त्या रानातून एक वावटळ उठली, धूळ आणि पाचोळा घेऊन बागेच्या कडेला आली आणि बघता बघता एका घडाची पिशवी तिनं उपसून काढली. पिशवी फुगली, गरगरत वर गेली. खाली बागेत सावली पसरली होती. वर मात्र अजून ऊन होतं, आणि त्या उन्हात ती निळी पिशवी दिव्यासारखी पेटली. सगळ्यांनी पाहिलं. “ही तुमची तबकडी,” सर म्हणाले. बाया पदरात तोंड लपवून हसल्या. भाऊनं कपाळावर हात मारला, “म्हणजे मह्याच पिशव्यांनी गाव घाबरवलं?” जामसिंगच्या दंडावरचा हात निघाला.

इथंच हे संपायला हवं होतं. पण सूर्य बुडाला, आणि परत फिरता फिरता एक बाई ओरडली. उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला, आभाळात एक उजेड होता. निळा नाही, डुलणारा नाही. पांढरा, स्थिर. वारा पडलेला होता. मग तो हळूच बाजूला सरकला आणि पुन्हा स्थिर झाला. नंतर जमावातून आवाज आला, “सर, ही बी पिशवीच काय? सांगा ना, आता काहून गप बसले?” जामसिंगच्या दंडावर तो हात पुन्हा आला होता. एकाच्या हातात काठी होती. मी सरांकडे बघत होते आणि मनात एकच म्हणत होते, हो म्हणा सर, पिशवी आहे म्हणा... एक शब्द, आणि माणूस सुटेल.

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. “पिशवी नाही,” ते म्हणाले. “ते काय आहे, मला माहीत नाही.”

गर्दी पुढं सरकली. सरांनी आवाज चढवला नाही. “मला माहीत नाही म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. ज्याचं उत्तर माहीत नाही, त्याची शिक्षा याला कशी देता?” आणि त्यांनी जामसिंगचा हात धरला, दंडावरचा तो हात बाजूला सारला. “मी उजेडाकडे चाललो. हा माझ्याबरोबर येतोय. ज्याला बघायचं आहे त्यानं चला.”

ते दोघं बागेत शिरले. मी मागोमाग गेले. मागं वळून पाहिलं तेव्हा बांधावर सगळं गाव उभं होतं, काठीवालाही. एकही पाय पुढं पडला नव्हता. केळीच्या पानांतून आम्ही चालत होतो. सरांचा श्वास लागत होता, जामसिंगचा हात त्यांच्या हातात होता. कोण कुणाला धरून होतं, सांगता येत नाही. बाग संपून आम्ही पलीकडच्या सडकेवर आलो तेव्हा आभाळात काही नव्हतं. चालता चालता केव्हातरी तो उजेड गेला होता.

थोड्या वेळानं मोटारसायकलवर भाऊ आला. तो जामसिंगकडे बघत नव्हता. “याले घेऊन जा सर,” एवढंच म्हणाला. पुढे सरांनी जामसिंगला शिरपूरकडे ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे कामाला लावलं. परतीच्या एसटीत मी सरांना विचारलं, “पिशवी आहे म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?” ते खिडकीबाहेर बघत होते. “आज सुटला असता. पण उद्या गावाला कळलं असतं की सर खोटं बोलले, आणि मग पिशवीही खोटी ठरली असती.” थोड्या वेळानं म्हणाले, “आभाळातनं कुणी आलं तर बघायला मिळावं असं मलाही वाटतं गं. पण समोरच्या डोंगरावरून आलेला माणूस ज्यांना सोसत नाही, त्यांच्याकडे कुणी एवढ्या लांबून कशाला यावं?”

तो उजेड सरांच्या मनातून गेला नाही. ग्रह नव्हता, ग्रह उत्तरेला दिसत नाहीत. वणवा म्हणावा तर तो आभाळात नसतो. उपग्रह थांबत नाही. हेलिकॉप्टर, ड्रोन, लांबच्या विमानाचा समोरून दिसणारा दिवा... एकेक उत्तर ते घालून बघायचे, कुठेतरी तोकडं पडायचं, की काढून ठेवायचे. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून उत्तरेकडे बघत बसायचे. अक्का रोज देवासमोर दिवा लावणाऱ्या. त्यांना टोमण्याला आयतं निमित्त सापडलं होतं. “तुमले देव दखात नही, आन् उजेड बरा दखायना!” सर हसायचे. शेवटच्या आजारात मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, “तो उजेड राहिलाच गं.” मी म्हटलं, “सर, समजा, तबकडीच असली तर?” त्यांनी मान हलवली. “समजायला काय, काहीही समजता येतं. बिनउत्तराचं मरता येतं... मनानं रचलेलं उत्तर सोबत न्यायचं नाही मला.” त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. चॅनलवाला तरुण मोबाईल रोखून पुढे बसला होता. दरम्यान त्यानं विजयला बरंच समजावलं असावं. विजयच्या मनात वाईट काही नव्हतं. वडिलांना जगानं ओळखावं एवढंच त्याला हवं होतं. तो माईकसमोर उभा राहिला. “पप्पा आयुष्यभर पुरावा मागत राहिले. पण शेवटी त्या उजेडाबद्दल त्यांना...” तो थांबला. मी खुर्चीची कड घट्ट धरली. माझी बोलायची पाळी त्याच्यानंतर होती. पण मुलानं एकदा म्हटल्यावर माझं कोण ऐकणार होतं?

पहिल्या रांगेत अक्का बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, माईक मागितला नाही. “विजू, त्यासनी काय सांगं व्हतं ते सांग. ‘माले माहीत नही’ सांगं व्हतं. इतलंच सांग.”

तो तरुण हळूच म्हणाला, “पण अक्का, यात बातमी काय?”

“बातमी नही शे,” अक्का म्हणाल्या. “म्हनीसन तं खरं शे.”

विजयनं डोळे पुसले. मग माईकजवळ तोंड नेऊन तो स्पष्ट म्हणाला, “पप्पा म्हणायचे, मला माहीत नाही.” आणि खाली बसला. समोरचा मोबाईल खाली आला. मागच्या भिंतीशी जामसिंग उभा होता, शिरपूरहून आलेला. सभा संपेपर्यंत तो बसला नाही.

परवा पुन्हा धुळ्याला गेले होते. अक्कांनी चहा टाकला आणि मला गच्चीवर पाठवलं. खुर्ची जागेवर आहे, उत्तरेकडे तोंड करून. उजेड दिसला त्या संध्याकाळी बागेपलीकडच्या सडकेच्या कडेला तारेत अडकलेली एक निळी पिशवी सरांनी काढून घरी आणली होती. धूळ बसू नये म्हणून अक्कांनी ती खुर्चीवर चढवली आहे आणि खाली सुतळीची घट्ट गाठ मारली आहे. त्या उजेडाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.