सिंकखालचा कागद

मिस्त्रीचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. चाळीस वर्षं पॉलिश आणि सरस हुंगल्यावर दुसरं काय होणार? ओल, बुरशी, कुजकं लाकूड, त्याला सगळं सारखंच. म्हणून गिऱ्हाइकांना तो एकच मंत्र द्यायचा: सिंकखालच्या कपाटात पत्र्याचा ट्रे बसवा, सांध्यांत सिलिकॉन भरा आणि पाइपाखाली वर्तमानपत्र पसरा. कागद कधी खोटं बोलत नाही.

स्वतःच्या घरी मात्र ट्रे नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! होता तो नुसता कागद. दर रविवारी तो नवा पसरायचा आणि जुना उजेडात धरून डाग शोधायचा. चार महिने डाग सापडला नव्हता, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

बायकोला वास येत होता. पण मागे एका डागावरून त्याने अख्खं स्वयंपाकघर उखडलं होतं आणि तिने तीन आठवडे न्हाणीघरात भांडी घासली होती. तेव्हापासून कागद भिजला की ती गुपचूप कोरडा घालायची. एवढ्याशा थेंबाने काय होतंय! ओट्याचा दगड कपाटाच्या उभ्या फळीवरच टेकलाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या रविवारी ती ओट्यावर पीठ मळत होती, सगळा भार मनगटांवर देऊन. तो पाठीवर निजून खांद्यापर्यंत कपाटात शिरला होता. कागद कोरडा होता. मग त्याची नजर तारखेवर गेली.

"अगं, हा या गुरुवारचा पेपर इथे कसा?"

वर मळणं थांबलं. त्याने पेचकस फळीला टेकवला. ओल्या पावात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"मागे हो! दगडाला हात लावू नकोस!"

ती मागे झाली. तेवढ्यात सिंकजवळ दगड कट्‌कन वाजला. वाकून बघते तर नवऱ्याचं डोकं अजून आतच.

"अहो, तुम्ही निघा आधी!" ती पुढे धावली आणि पिठाच्या हातांनी तिने दगडाची कड खालून तोलून धरली. "निघा, माझी शपथ आहे."

तो घसटत बाहेर आला. वळून दगडाला खांदा देणार, तोच फळी खचली आणि दगड खाली आला. तिचे हात दगडाखाली राहिले.

दगड उचलायला चार शेजारी लागले. तोवर ती सारखी म्हणत होती, "मीच बदलत होते हो कागद. मीच." तो तिचं मनगट धरून बसला होता. ट्रे आपणच बसवला नव्हता, हे काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं.