डोंगरावरचे पिक्चर

आंबोलीत चपलांवर बुरशी चढायला एक रात्र पुरते. किस्से जमायला तेवढीही लागत नाही. ऐंशीच्या दशकात आमचं सावंतवाडीचं फिल्म मंडळ दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास तिथे फेस्टिवल भरवायचं. आता आम्ही जुनी मंडळी जमलो की पिक्चरांची नावं कुणालाच आठवत नाहीत, भानगडी तेवढ्या आठवतात.

आंबोलीच का? तर आमचे अध्यक्ष नाना यांनी कुठेतरी वाचलं होतं की परदेशात असले महोत्सव डोंगरावर भरतात. आमच्या हाताशी डोंगर तेवढाच होता!

नानांचं बाजारात चष्म्याचं दुकान. दरवर्षी अध्यक्ष तुम्हीच का, असं एकाने सभेत विचारलं. नाना शांतपणे म्हणाले, "पिक्चर नाय कळलो तर लोकांका वाटतला, नंबर वाढलो. माझ्याच दुकानात येतले."

* * *

शो शाळेच्या हॉलमध्ये व्हायचे. खिडक्यांना घोंगड्या बांधून अंधार करायचा. पण कौलांचं काय करणार? एका वर्षी भर दुपारी कौलांतून धुकं आत उतरलं आणि पडद्यापुढे ठाण मांडून बसलं.

नंतर चर्चेला मुंबईहून आलेले समीक्षक उभे राहिले. "दिग्दर्शकाने धुक्याचा जो वापर केला आहे, तो थक्क करणारा आहे," म्हणाले. अर्धा तास धुक्यावर बोलले.

पिक्चर वाळवंटातला होता.

आम्ही माना खाली घालून बसलो. नाना माझ्या कानात म्हणाले, "पुढल्या वर्षी परत बोलवया तेंका. माणूस मनापासून बघता."

* * *

परदेशी पिक्चरला खाली इंग्रजी अक्षरं यायची. गावातल्या बायकांना ती कुठून कळणार? मग नाना पडद्याशेजारी उभे राहून मालवणीत सांगायचे. "तो इचारता, जेवलंस काय. ती म्हणता, भूक नाय." काम झकास चालायचं.

एकदा पडद्यावर नवरा-बायकोचं जुंपलं. दोघं तावातावाने बोलतायत आणि नाना गप्प. एक काकू वैतागल्या, "अहो नानानू, काय म्हणतत ती?"

"तेंच्या घरातला आसा," नाना म्हणाले. "आपण कित्याक आयकूचा?"

* * *

पाहुण्यांची सोय गावातल्या घरांत. हे मात्र मला थट्टेत सांगवत नाही. घरची माणसं चुलीवर पाणी तापवून द्यायची, ओले कपडे वाळवून द्यायची, स्वतः ओटीवर झोपून पाहुण्याला माजघर द्यायची. त्या घरांचे उपकार कसे फेडायचे ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

भुकेवर पिक्चर काढलेले एक गंभीर दिग्दर्शक गावातल्या म्हाताऱ्या आक्कांच्या घरी उतरले होते. तिसऱ्या घावन्याला त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आक्का सकाळी त्यांचा पिक्चर बघून आल्या होत्या. त्यांनी हात बाजूला सारला. "भुकेर पिक्चर काढलास मा रे? मग गप जेव."

* * *

आणि वसुधा. पुण्याची पोर, पहिलाच पिक्चर. रिळांचे डबे मांडीवर घेऊन एसटीने घाट चढून आली. गोष्ट एवढीशीच. मासेमाराची होडी वादळात सापडलीय, बायको किनाऱ्यावर वाट बघतेय. बोलणं जवळजवळ नाहीच. शेवटच्या रिळात त्याचं नुसतं वल्हं काठाला लागतं, हे फक्त आम्हा मंडळवाल्यांना ठाऊक होतं.

सकाळी चहाला ती म्हणाली, "नाना, शेवटच्या रिळापर्यंत कुणी बसतच नाही. एकदा तरी लोकांनी पुरा बघायला हवा. इथेही उठून गेले तर मी हे सोडणार. घरच्यांनी नोकरी बघून ठेवलीय."

"हयसर कोण उठाचो नाय," नाना म्हणाले. "भायर पाऊस आसा."

आमच्याकडे प्रोजेक्टर एकच. रीळ संपलं की दिवे लागायचे, लोक चहाला पांगायचे. त्या दुपारी कुणी हललं नाही. शेवटून दुसरं रीळ संपलं तेव्हा पडद्यावरच्या बाईने समुद्रापुढे हात जोडले होते. दिवे लागले.

आचऱ्याचे बाबलकाका लेकीकडे आले होते. जन्म होडीवर गेलेला म्हातारा. ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायला लागले.

"बा देवा म्हाराजा, ही बाय दर्याकडे बघीत बसली हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून दोघं-तिघं म्हणाले.

"तिच्या घोवाची होडी सुखरूप काठाक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा हॉल म्हणाला. मीही म्हणालो.

नाना शेवटचं रीळ चढवायला लागले. तेवढ्यात वसुधा आली आणि तिने त्यांचा हात धरला.

"नाना, नको."

"अगो, ह्याच तुका दाखवूचा होता मा? सगळे बसले आसत."

"म्हणूनच नको."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. रीळ डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पिक्चर संपलो. चाय घेवा."

लोक उठले. बाबलकाका तेवढे जागेवरच होते. वसुधा जवळून जाताना त्यांनी तिला थांबवलं.

"बाय, तेची होडी इली मा?"

ती त्यांच्याशेजारी बसली.

"आली, काका. आत्ताच लागली काठाला."