गडग्यावरचा नाताळ

आमच्या रत्नागिरीत येशूचा जन्म आठवड्यातून निदान चार वेळा होत असे, आणि तो दर खेपेला आमच्या आतोबांच्या ओटीवरच होत असे. आतोबा म्हणजे माझ्या आतेचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं आगबोटीवर काढून ते कायमचे घरी आले, तेव्हा इतर खलाशांसारखं त्यांनी घड्याळ आणलं नाही की विलायती कापड आणलं नाही; आणला तो सहा भोकांचा पत्र्याचा पावा. बोटीवरच्या एका गोऱ्या इंजिनवाल्याने तो त्यांना दिला होता आणि वाजवायलाही शिकवलं होतं. पण त्या गृहस्थाला गाणी येत होती पाच, आणि पाचही नाताळची. त्यामुळे जगात संगीत म्हणून जे काही आहे ते या पाच गाण्यांत आटोपतं, अशी आतोबांची प्रामाणिक समजूत होती. "ही जल्माची गानी," ते सांगत, "जल्म कुनाचा पन असो, चालतात."

आणि ते ती चालवतही. बारशाला त्यांना बोलवावं लागतच नसे. पाळण्याची दोरी हातात घेऊन बायका घसा खाकरतात न खाकरतात तोच बाहेर पावा सुरू. गोकुळाष्टमीला देवळात त्यांनी हाच कार्यक्रम केला. गुरवाला तो बरा वाटला असावा, कारण ही चाल कुठल्या संताची, असं त्याने विचारलं. आतोबा गंभीरपणे म्हणाले, "लांबचे हायत. थंडीकडचे." शिमग्यात पालखी नाचत असताना त्यांनी जीव खाऊन पावा फुंकला. ढोलांच्या दणक्यात तो त्यांचा त्यांनाही ऐकू आला नसेल, तरी पालखी आज आपल्या तालावर नाचली असं घरी येऊन त्यांनी सांगितलंच. शेजारची म्हैस व्याली तेव्हाही ते गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हशीने पान्हा चोरला आणि शेजाऱ्याने पंधरा दिवस बोलणं टाकलं.

आतेचा या पाव्यावर भारी राग. दिवेलागणीला शीळ घातली की घरात साप येतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, आणि आतोबांना नेमकी दिवेलागणीलाच हुक्की येई. नवऱ्याशी समोरासमोर भांडणं आतेच्या स्वभावात नव्हतं. तुळशीपुढे दिवा लावता लावता ती तुळशीलाच सांगे, "बाये, येक दिस जनावर शिरेल घरात, तवा ह्येंचे डोळे उघडतील." एकदा खरोखरच धामण आली. ओटीच्या कडेला घटकाभर डोकं उचलून राहिली आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर परत माडांत निघून गेली. आतोबांना कोण आनंद! "ऐकाया आलेली," ते म्हणाले. "मंग उठून का गेली?" आतेने तुळशीला विचारलं.

गंमत सगळ्यांनीच केली, मीही केली. पण इतक्या वर्षांत "आतोबा, वाजवा" असं त्यांना एकानेही म्हटलं नव्हतं, आणि ते त्यांच्या मनाला लागत असे हे मला ठाऊक होतं. म्हणून नाताळाच्या चार दिवस आधी मिशनातले गोरे पाद्री ओटीपाशी येऊन, टोपी काढून उभे राहिले, तेव्हा काय झालं असेल ते बघा. चर्चमध्ये पेटी वाजवणारी मडम हिवतापाने पडली होती; पोरांच्या गाण्याला साथ कोण करणार? आपण याल का? आतोबांनी त्यांना "बसा" म्हणायच्याही आधी "येतो" म्हटलं.

आतेच्या पायांखालची जमीन सरकली. त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या आतेबहिणीची, सोयरीक पावस गावी जुळत आली होती. आठ दिवसांत सुपारी फुटायची होती, आणि मुलाचा बाप पंचक्रोशीत कडक म्हणून प्रसिद्ध. मुलीचा बाप चर्चात जाऊन आला हे कळलं तर गावकी वाळीत टाकणार आणि सोयरीक मोडणार. त्या दिवशी आते तुळशीकडे गेलीच नाही. जन्मात पहिल्यांदा नवऱ्यापुढे उभी राहून म्हणाली, "पोर घरात ऱ्हायली तर तुमच्या पाव्याला घेऊन हिरीत उडी मारीन." आतोबा मान खाली घालून एवढंच म्हणाले, "शबुद दिलाय गो." पुढचे चार दिवस त्यांनी पाव्याला हात लावला नाही आणि त्यांना धड जेवणही गेलं नाही.

नाताळाच्या दिवशी दुपारी त्यांनी बोटीवरचा जुना कोट चढवला आणि ते निघाले. आतेने मला मागे पिटाळलं. "तू कचेरीतला मानूस, तुजा आयकतील." माझं कचेरीत शिपाईसुद्धा ऐकत नसे, आतोबा कुठले ऐकायला! मिशनाच्या फाटकापर्यंत ते तरातरा गेले आणि तिथे थबकले. पाद्री आतून बोलावत होते. आतोबांनी हात जोडले, वळले आणि रस्त्याच्या कडेच्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीवर, पाय रस्त्याकडे सोडून बसले. "सायेब, खिडक्या उघडा," ते ओरडले. "पाय बाटतात, सूर बाटत नाय."

खिडक्या उघडल्या. आतून पोरं गाऊ लागली आणि बाहेरून आतोबा डोळे मिटून वाजवू लागले. मी खरं सांगतो, ती गाणी मी शेकडो वेळा ऐकली होती, पण ती चांगली आहेत हे मला त्या दिवशी कळलं. पाचवं गाणं चालू असताना बाजाराहून परतणारी एक बैलगाडी थांबली. गाडीतून पावसचे होणारे व्याही उतरले. आतोबांना खुणा कराव्यात तर त्यांचे डोळे मिटलेले.

गाणं संपलं. व्याह्यांनी विचारलं, "आत का नाय गेलात?"

आतोबांनी डोळे उघडले आणि ते घाईघाईने गडग्यावरून खाली उतरले. "पोरीचा लगीन जमवायचा हाय," ते म्हणाले.

"मंग आलांत कशाला?"

"येतो म्हटलेला."

व्याह्यांनी पावा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "पोरीसाठी भायेर बसलांत आनि शब्दासाठी आलांत," ते म्हणाले. "असा मानूस मला चालेल. बसा गाडीत. सुपारी आजच फोडू." गाडी सुटता सुटता त्यांनी अट घातली की लग्नात हे वाजवायचं.

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी गाडी जुंपली गेली, मुलगी चढून बसली, आणि व्याही सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "आता वाजवा, व्याही!" आतोबांनी पावा ओठांना लावला, बोटं भोकांवर ठेवली, छाती भरून घेतली. नुसती हवा गेली. त्यांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा नुसती हवा.

"पाव्यात पानी गेलाय," ते म्हणाले.

गाडी वळणाआड गेली. आतेने त्यांच्या हातातून पावा घेतला आणि पदराने पुसायला लागली. तो अगदी कोरडा ठणठणीत होता. तरी ती कितीतरी वेळ पुसत राहिली.