शेंदराखालचा काळा थर

चिखलीत माझ्या शेडच्या कोपऱ्यावर म्हसोबाचा दगड आहे. त्याच्यावरचं शेंदराचं कवच एका दुपारी आपोआप निखळून खाली पडलं. रस्त्याने रात्रंदिवस ट्रेलर जातात, त्या हादऱ्याने सैल झालं असेल, असं मी म्हणालो. आबा म्हणाले, "देवानं जुनं सोडलं, शेठ. ट्रेलरचा काय संबंध."

आबा म्हणजे आमच्या गल्लीतल्या निम्म्या जमिनीचे जुने मालक. म्हसोबा त्यांच्या शेताच्या बांधावरचा. शेत गेलं, शेडी उभ्या राहिल्या, देव जागेवर राहिला. त्यांच्या घरात लग्न ठरलं की हळदीच्या आधी देवावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड लेप चढतो, एरवी नाही. आणि कवच सुटलं की ते इंद्रायणीत सोडायचं, असा त्यांच्याकडे रिवाज.

मी बीडकडून आलेला माणूस. दुसऱ्यांच्या शेडीत पार्ट रंगवत रंगवत स्वतःची पावडर कोटिंगची शेड उभी केली. चाकणच्या एका कंपनीचं काम मिळवलं आणि टिकवलं. मग गल्लीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते अशी ओरड सुरू झाली. माझी चिमणी रस्त्याच्या बाजूला, सगळ्यांना दिसणारी. माझ्या मागे आबांची शेड. तिथला भाडेकरू माझ्या आधीपासून जुनं इंजिन ऑइल जाळून ॲल्युमिनियमचं भंगार वितळवायचा. त्याचा धूर मागच्या बाजूने निघायचा. बोट माझ्याकडे दाखवलं गेलं. सरकारी नोटीस मला आली, शेडला सील लागलं, कंपनीने माझा व्हेंडर कोड बंद केला, म्हणजे त्यांचं काम मिळणं थांबलं. सील पुढे निघालं. कोड परत मिळाला नाही. गल्लीतली पोरंसुद्धा मला काजळीशेठ म्हणतात. मी हे विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

कवच पडलं त्या सुमारास विद्यापीठातले दोघे संशोधक आमच्याकडे वरचेवर येत. बाई समाजशास्त्राच्या. गावं गिळून कारखाने उभे राहतात तेव्हा गावच्या देवांचं आणि त्यांच्या रिवाजांचं काय होतं, हा त्यांचा विषय. त्यांच्यासोबतचा तरुण रसायनशास्त्राचा. हवेतली धूळ कुठे कुठे साठून राहते ते शोधत फिरायचा. पडलेल्या कवचाची तुटकी कड बघून तो खाली बसलाच.

"प्रत्येक लेपावर त्या काळातली धूळ बसली आहे," तो म्हणाला, "आणि पुढच्या लेपाखाली ती बंद झाली आहे. हे नदीत जाऊ देऊ नका."

माझ्या डोक्यात लगेच हिशेब जुळला. आबांच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, त्यानंतर मी ही जागा घेतली. त्या लग्नाच्या लेपाखाली काजळी निघाली, तर ती माझी असूच शकत नव्हती.

मी आबांकडे गेलो. ते ओट्यावर तंबाखू मळत होते.

"देवाचं अंग कापायचं म्हणता व्हय?"

"कापायचं नाही, आबा. आपोआप तुटलेला तुकडा द्या. बाकीचं वाजतगाजत नदीवर नेऊ. टेम्पो माझा, हार माझे."

"तुमाला येवढी कळकळ कशापायी, ते कळतंय मला."

"कळतंय ना? मग नाही म्हणू नका. नाही म्हणालात, तर का ते लोकांनाही कळेल."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "जे काय बघायचं ते हितंच. देवाम्होरं, माझ्या म्होरं. मग न्या तुकडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडापाशी सतरंजी टाकली. गल्लीतली पाचसहा माणसं जमली. आबांचा धाकटा मुलगाही आला. शेडचं भाडं तोच वसूल करतो. तरुणाने माझ्याच शेडमधल्या बारीक पॉलिश पेपरने तुकड्याची कड घासली. केशरी पट्टे एकावर एक दिसू लागले, मधे काळ्या रेषा.

"शिसं मोजा," मी म्हणालो. "मागच्या भट्टीतून तेही उडतं."

"शेंदूरच शिशाचा असतो, काका. त्यात बाहेरचं शिसं वेगळं काढता येणार नाही. काजळी वेगळी दिसते."

वरच्या लेपांमध्ये काळं होतंच. भट्टी कुठे बंद होती? पण एका लेपाच्या बरोबर खाली सगळ्यात जाड काळी रेघ होती. बाईंनी तिच्यावरच्या लेपाकडे बोट दाखवून विचारलं, "आबा, हा कोणत्या लग्नाचा?"

आबा काही बोलायच्या आत धाकटा बोलला, "तो पुतणीच्या लग्नाचा. अलीकडचा हाय."

पुतणीचं लग्न माझ्या डोळ्यांसमोर झालेलं. म्हणजे त्याखालची काजळी पुन्हा माझ्याच गळ्यात. माझं डोकं सणकलं. "देवासमोर तरी खरं बोल रे," मी म्हणालो.

"तुमी कोण आमाला देव शिकवणारे? काल आलात."

मी उठलो, तोही उठला. बाई मधे आल्या. आबांनी वर बघितलंसुद्धा नाही. त्यांनी तरुणाकडून भिंग मागून घेतलं आणि तुकडा उन्हात धरला. त्या लेपात बारीक काहीतरी चमकत होतं.

"ही चमक कशाची?" बाईंनी विचारलं.

"पेंटची असंल," धाकटा म्हणाला. "ह्यांच्या शेडमधून उडालेली. आबा, उठा आता, ऊन झालं."

आबा उठले नाहीत. नेमका त्या वेळी मी मधे पडलो नाही, हेच बरं झालं.

"वर्ख हाय," आबा म्हणाले. "चांदीचा. तुझं लगीन जमंना म्हणून तुझ्या आईनं नवस बोलला व्हता. जमल्यावर तिनं सोताच्या हातानं डकवला. परत कुणाच्याच लग्नात वर्ख लावला न्हाई." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "हा तुझ्या लग्नाचा लेप. तवा हे शेठ आलेले न्हवते."

धाकटा चपला घालून निघून गेला.

मी लोखंड तापलेलं असतानाच घाव घालणारा. लगेच म्हणालो, "आबा, उद्या माझ्याबरोबर नोटीस काढणाऱ्या ऑफिसात चला. हेच तिथे सांगा."

"न्हाई."

"का?"

"हितं इचारलं, हितं सांगितलं. मागच्या शेडचं भाडं खातो मी. देवाम्होरं खोटं बोलणार न्हाई आन् कचेरीत खरं बोलणार न्हाई. येवढ्यावर भागवा."

आयुष्यात मी पुष्कळ सौदे जुळवून आणले, पण या म्हाताऱ्यापुढे एक पाऊलही सरकता आलं नाही.

मग मी बाईंना धरलं. जे घडलं ते जसंच्या तसं छापा, माझ्या नावासकट, शेडच्या नावासकट. त्या म्हणाल्या, माहिती देणाऱ्यांची नावं संशोधनात छापत नाहीत, तसा शब्द त्या सगळ्यांना देतात. मी म्हणालो, माझी बदनामी नावानिशी झाली आणि सुटका बिननावाची होणार का? शब्दाला शब्द वाढला. त्या शांत राहिल्या, त्याचा मला जास्त राग आला. अखेर लेखात एक वाक्य आलं: काजळीचा सर्वांत जाड थर शेजारील रंगकामाचा कारखाना सुरू होण्याआधीचा आहे.

ते पान घेऊन मी चाकणला गेलो. खरेदी विभागातल्या साहेबाने मला ओळखलं, चहा मागवला, वाक्य दोनदा वाचलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण हा कारखाना तुमचाच कशावरून?"

मी त्याला म्हसोबाचं सांगितलं, वर्खाचं सांगितलं. तो ऐकत होता, मधेच फोनकडे बघत होता. माझा आवाज चढला तसं शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले.

"हे सगळं तुम्ही म्हणताय, राव," तो म्हणाला. "ते आबा म्हणतील का?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.