पंचमीला गाडी घेऊन ये

"पोरगी रागीट न्हाई न्हवं? रागानं किक मारणाऱ्या घरात मी गाडी देत न्हाई."

हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बाहेरच्या खोलीत बाबांचे शिराळ्याचे एक मित्र बसले होते, मी त्यांना काका म्हणते. त्यांची जुनी मोटारसायकल मी विकत घेणार होते, म्हणजे चौकशी करायचा हक्क खरं तर माझा होता. गाडी कुठे आपटली होती का, इंजिन कधी उघडलं, असले प्रश्न मी व्हिडिओ बघून पाठ केले होते. ते तसेच राहिले. उलट मी सकाळी कधी उठते, आमच्या अंगणात ऊन कुठवर येतं, घरातली वस्तू कुणी मागितली तर आम्ही देतो का, हे सगळं काकांनी बाबांकडून काढून घेतलं. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून विकलेल्या गाडीवर इतका जीव असलेला दुसरा माणूस सापडणार नाही, असं मी छातीठोकपणे म्हणते; आणि छातीठोकपणे मी फारसं काही म्हणत नाही. शेवटी त्यांनी होकार दिला, पण जाता जाता मला एक अट घातली. "पंचमीला तिला शिराळ्याला घिऊन यायचं. तूच चालवत." नागपंचमीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, तशी.

काका एसटीत ड्रायव्हर होते. बाबा शिराळ्याला शिक्षक असताना रोज कराडहून त्यांच्याच बसने जायचे, तिथली ही ओळख. काकांचं आयुष्यभराचं एक तत्त्व होतं: कुणाच्या मागे बसायचं नाही. मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला ते पोतं म्हणत. थोरल्या मुलाने नवी गाडी घेतली आणि देवदर्शनाला चला म्हणाला, तेव्हा हे स्वतःच्या गाडीवरून त्याच्या शेजारून गेले. "माझ्या मागं अख्खं गाव बसून जात हुतं. मी कुणाच्या मागं बसू?" एसटीत प्रवासी म्हणून चढले तरी रिकामी सीट सोडून ड्रायव्हरजवळ उभे राहत आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबत. अशा माणसाने गाडी विकायला का काढावी, हे ते सांगत नव्हते. काकूंनी सांगितलं. "दिसतंय कुठं त्यास्नी? परवा रस्त्यातल्या दगडाला हॉर्न देत हुभं ऱ्हायलं. दगूड उठंना म्हणून वर त्यालाच शिव्या."

माझी नोकरी माती परीक्षणाची. गावोगावच्या शेतांतून नमुने आणायचे असतात आणि तिथल्या वाटांवर माझी स्कूटी चिखलात रुतून बसायची, म्हणून मोटारसायकल. ती शिकवायला काका स्वतः आले. मागे बसायचं नाही हे तत्त्व असल्यामुळे ते मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि मी त्यांच्याभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिले. व्हिडिओतल्या माणसाने क्लचवर इंग्रजीत लांबलचक व्याख्यान दिलं होतं. काका म्हणाले, "निजलेल्या लेकराच्या अंगाखालनं हात काढतीस का न्हाई? तसा सोड." मी सोडला, आणि गाडी आचका देऊन बंद पडली. "उठलं लेकरू," काका शांतपणे म्हणाले. "परत निजव." त्या संध्याकाळी लेकरू किती वेळा उठलं याची गणती नाही, पण काकांचा आवाज एकदाही चढला नाही. मला शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी कदाचित वर्गात हात वर केला असता.

गाडी आमच्या अंगणात आली तरी तिची काळजी शिराळ्यातच राहिली. दर रविवारी सकाळी फोन यायचा. "कशी हाय ती?" बाबा म्हणायचे, "मी बरा आहे," तर पलीकडून उत्तर, "तुमचं न्हवं." मग चेन सैल पडली का, हवा बघितली का, उन्हात तर नाही ना उभी, हे सगळं. अधूनमधून ते कराडला दाताच्या डॉक्टरकडे म्हणून येत. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. येताना पिशवीत नट आवळायचे पाने, ऑइलचा डबा आणि जुन्या धोतराची फडकी. आल्याबरोबर चहासुद्धा न घेता गाडीपाशी उकिडवे बसत, बोटांनी चाचपून चेन ताणत, आणि ब्रेकची तार आवळताना तिच्याशी गप्पा मारत. मलाही तेच सांगत. "बोलत जा तिच्यासंगं." मी मनात बोलते म्हटलं, तर मान हलवून म्हणाले, "मनातलं इंजिनाला ऐकू जात न्हाई."

एकदा कडेगावकडे एका उसाच्या फडाजवळ गाडी बंद पडली. किक मारून मारून माझा पाय थरथरायला लागला. ऊसतोडीची माणसं काम थांबवून माझ्याकडे बघत होती आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. मी काकांना फोन लावला. "टाकीला कान लाव आन् गाडी हलीव. वाजतंय का काय?" एवढ्या लोकांसमोर मी टाकीला कान लावला. तळाशी थोडंसं डुचमळलं. "मग बंद पडंल न्हाई तर काय? पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरीव. आता थांब जरा. गिळू दे तिला." थांबले. गाडी सुरू झाली तेव्हा फडातल्या एका बाईने कोयता वर करून मला शाबासकी दिली. फोन ठेवता ठेवता काकांनी पहिल्यांदाच विचारलं, "आन् तू? पाणी पिलीस का?"

पंचमीच्या दिवशी हायवे टाळून उंडाळ्याच्या रस्त्याने मी एकटी शिराळ्याला गेले. काका गल्लीच्या तोंडाशी उभे होते; कितीतरी वेळापासून, असं काकूंनी दारातून हाताने खुणावलं. घरोघरी लेकी आल्या होत्या, बांगड्यांचे आवाज होते. काकांना दोन्ही मुलगेच, तेही पुण्याला. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, कान देऊन इंजिन ऐकलं आणि हात सवयीने पिशवीतल्या पान्याकडे गेला.

"ठिवा ते," काकू दारातून म्हणाल्या. "आज पंचमी हाय. कापायचं न्हाई, तळायचं न्हाई."

"पाना कुठं कापतोय?"

"लोखंडच हाय की. आज तिलाबी सुट्टी."

काकांनी पाना ठेवला. मग त्यांना हातांचं काय करायचं ते कळेना. आम्ही पुरणाची दिंडं खाल्ली, तेव्हाही ते दाराकडे तोंड करून बसले होते. जेवण झाल्यावर बाहेर येऊन त्यांनी सीटवरून पंजा फिरवला आणि चावीसाठी माझ्यापुढे हात केला. "कोपऱ्यापत्तुर न्हेऊन आणतो." मी चावी दिली. काकांनी ती मुठीत धरली, रस्त्याकडे डोळे बारीक करून बघितलं, आणि परत माझ्या तळहातावर ठेवली.

"नगं," ते म्हणाले. "तकडं लय दगडं हायत."

रस्ता स्वच्छ होता. मी गाडीवर बसले, किक मारली, न्यूट्रलचा हिरवा दिवा बघितला. आजवर मी कुणालाही मागे बसवलं नव्हतं. मागच्या माणसाच्या वजनाने गाडी कशी वागते, मला ठाऊक नव्हतं. उंडाळ्यापासून मी एक वाक्य मनात घोळवत आले होते. इंजिन सुरू होतं, काका दोन पावलं मागे सरकून मला निरोप द्यायला उभे राहिले होते, आणि मनातलं ऐकू जाणार नव्हतं. मी मागे बसणाऱ्याने पाय ठेवायचे दोन्ही दांडे खाली पाडले आणि शेजारच्या घरातल्या लेकीसुद्धा वळून बघतील इतक्या मोठ्याने म्हणाले,

"काका, मागे बसा."