फोनवरची शुश्रूषा

दिल्लीहून एक गृहस्थ आम्हाला दया शिकवायला आले होते. आम्ही सगळ्या नर्सेस. कुणी लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेली, कुणी बाळंतिणींच्या वॉर्डात केस पांढरे केलेली, आणि मी मिरजेला शिकून नवऱ्याच्या विमा कंपनीतल्या बदल्यांमागे फिरत जयपूरला पोचलेली. जन्मात कुणाचं बेडपॅन न उचललेला तो माणूस आम्हाला सांगत होता, "बोलताना ओठांवर हसू ठेवा. ते फोनमधून ऐकू जातं."

ज्याचा बाप अतिदक्षता विभागात पडलाय, त्याला माझं हसू कशाला ऐकू जायला हवं, असं मी विचारलं. माझा प्रश्न 'नकारात्मक' ठरला.

नवीन शतक नुकतंच लागलं होतं आणि जो तो फोनवरून काहीतरी विकत होता. आमचा मालक धीर विकायचा. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका काचेच्या इमारतीत आम्ही कानाला यंत्रं लावून बसायचो. दवाखान्यात रोगी असला की त्याच्या घरच्यांना डॉक्टर काय म्हणाले ते समजावायचं, घाबरले असतील तर पुढे काय करायचं ते सांगायचं. कल्पना चांगलीच होती. ती चालवणाऱ्यांची मात्र लायकी नव्हती. आमच्यावरचा मॅनेजर आधी साबण विकायचा. रोगी आणि साबण यांतला फरक त्याला शेवटपर्यंत कळला नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आमेर रोडवरचं एक मराठी घर आलं. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले काका, पक्षाघात होऊन बेशुद्ध. काकू मूळच्या अमरावतीकडच्या. सारा संसार जयपुरात होऊनही बोली तसूभर हललेली नव्हती. मुलगे दोन. थोरला अमेरिकेत, धाकटा बंगळूरला. दोघेही जयपुरात वाढलेले, त्यामुळे मराठी अडखळत यायची. अक्कल सफाईदार असेल असं मला आधी वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी तिघांना एका फोनवर घेतलं. थोरला म्हणाला, "सिस्टर, आईला काही समजत नाही. मतलब, तुम्ही माझ्याशीच बात करा."

आई त्याच फोनवर होती. तिने ते ऐकलं.

मग दोघे भाऊ डॉक्टरांच्या चुका काढू लागले. थोरल्याने इंटरनेटवर काहीबाही वाचलं होतं, धाकट्याच्या सासऱ्याच्या ओळखीत कुणी मोठा डॉक्टर होता. कुणाचा डॉक्टर मोठा यावर वाद चालला होता, आणि तिकीट काढून येतो असं दोघांपैकी एकही म्हणत नव्हता. मध्येच काकूंचा आवाज आला, "मले येवढंच सांग बाई, ह्याईले आयकू येते का?"

"आई, प्लीज," धाकटा म्हणाला.

मी त्यालाच गप्प केलं. "काकू, नक्की सांगता येत नाही. पण ऐकू येतंय असं धरून बोलत राहा."

आम्हाला दिलेल्या ठराविक वाक्यांत हे वाक्य नव्हतं. मॅनेजरने बोलावून समज दिली.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, आता इथे ठेवून आणखी काही होण्यासारखं नाही. घरी न्या, नाकातल्या नळीतून खाऊ घाला, कूस बदलत राहा. दोन्ही मुलांनी हाय खाल्ली. घरी कोण करणार? रोग्यांना सांभाळणाऱ्या एखाद्या होममध्ये ठेवू. काकूंनी कुणालाही न विचारता काकांना घरी आणलं आणि मला फोन केला, "आता शिकव मले."

मॅनेजर म्हणाला, "केस क्लोज झाली. आता त्यांचा फोन घ्यायचा नाही."

मी घेत राहिले, त्याच्या डोळ्यांदेखत. चादर धरून कूस कशी वळवायची, खाऊ घालताना डोकं किती उंच ठेवायचं, पाठीला कुठे लाली आली की सावध व्हायचं, सगळं बोलून शिकवलं. काकू कामं करता करता काकांशी बोलायच्या. एकदा मला ऐकू आलं, "थोरला म्हणते, होममधी ठेवू. तुमाले का मले, ते काई त्यानं सांगतलं नाई."

एका दुपारी त्यांचा आवाज वेगळा लागला. "कसातरी श्वास घेऊन रायले."

"कूलर बंद करा," मी म्हटलं. "फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा."

कूलरची घरघर बंद झाली आणि मला ओला, बुडबुड्यांचा श्वास ऐकू आला. नळीतलं खाणं छातीकडे जात होतं. "खाणं थांबवा. कुशीवर वळवा. डोकं उंच करा. तोंडात आलेलं पुसून काढा." दुसऱ्या फोनवरून मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत काकूंशी बोलत राहिले. माझ्यामागे मॅनेजर उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवत होता. काका त्यातून वाचले. संध्याकाळी थोरल्याने ऑफिसात फोन करून तक्रार केली: सिस्टर आईला परस्पर सूचना देतात.

काका दिवाळीच्या सुमाराला गेले, घरी, आपल्या पलंगावर. तोंडात पाणी काकूंनीच घातलं. मुलगे दुसऱ्या दिवशी पोचले.

आणि मग कंपनीने आपल्या सेवेची जाहिरात म्हणून समारंभ केला! मोठं हॉटेल, पडद्यावर काकांचा फोटो. थोरला माइकवर म्हणाला, "आम्ही दूर होतो, पण एक क्षणही दूर नव्हतो." टाळ्या पडल्या. मला घड्याळ दाखवणारा मॅनेजर सगळ्यांत जोरात वाजवत होता. मला मागच्या रांगेत बसवलं होतं. काकू स्टेजवरची खुर्ची सोडून उठल्या, चालत माझ्याजवळ आल्या आणि शेजारी बसल्या. आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होतो.

"आवाजावरून मले वाटलं होतं, तू चांगली जाडजूड असशीन," त्या म्हणाल्या.

स्टेजवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा. काकू ढिम्म हलल्या नाहीत. मी मिरजेची का, तिकडे ज्वारी कशी पिकते, मला मुलं किती, हे सगळं त्यांना तेव्हाच विचारायचं होतं. धाकटा वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "आई, सब देख रहे हैं."

"पाहू दे," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "हं, सांग मंग."